पांजणीची पहाट

विणकरांच्या एका गावात एकदा एक वृद्ध वैद्य राहत होते. त्यांच्याकडे एक शिष्य शिकायला होता. तो शहरातल्या महाविद्यालयातून आला होता आणि विस्मरणाच्या आजारावर, विशेषतः अल्झायमरवर, जिथे जे छापून येई ते आवर्जून वाचत असे. वाचता वाचता तो फार गोंधळला होता.

त्याच गावात लुगड्यांचा एक व्यापारी होता. त्याचे वडील आयुष्यभर विणकाम करत आले होते. मुलाचा व्यापार वाढला, घरी माग चालवायला माणसे आली, तेव्हा मुलाने वडिलांना मोठ्या मानाने गादीवर बसवले. पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांना हातात मिळू लागला. पुढे काही वर्षांत म्हाताऱ्याला विसर पडू लागला. आधी वस्तू, मग वाटा, मग माणसे. मुलाला ते सोपान म्हणून हाक मारू लागले. सोपान हा त्यांचा धाकटा भाऊ, तो केव्हाच वारला होता. आणि रोज पहाट झाली की ते उठून अंधारातच घराबाहेर पडत. एकदा तर ओढ्यापाशी सापडले. तेव्हापासून व्यापाऱ्याने दाराला बाहेरून कडी घातली होती. म्हातारा पहाटे ती कडी खडखडवत राही.

एके सकाळी व्यापारी वैद्यांकडे आला.

"वैद्यबुवा, आप्पा पहाटे निजून राहतील असं काहीतरी द्या. कडीच्या आवाजानं घरात कुणाला झोप नाही. हे नाही जमलं तर त्यांना मागच्या खोलीत ठेवून कुलूप लावावं लागेल. माझं मन होत नाही, पण दुसरं करू काय?"

शिष्याला राहवले नाही. "शेठ, औषध कशाला? त्यांना चालवा! व्यायामानं स्मृती परत येते असं संशोधनात आलंय."

व्यापाऱ्याचा चेहरा एकदम उजळला. "परत येते? म्हणजे आप्पा मला ओळखतील?"

शिष्य गडबडला. "म्हणजे… एका ठिकाणी तसं आलंय. दुसऱ्या ठिकाणी काही फरक पडत नाही असंही आहे."

"अहो, मग धरू काय? हे की ते?"

वैद्य शिष्यावर रागावले नाहीत. ते उठले, उपरणे खांद्यावर टाकले आणि म्हणाले, "चला, आधी आप्पांना भेटू."

वाटेत व्यापारी अचानक म्हणाला, "बुवा, हे घराण्यात उतरतं का हो?" आणि उत्तराची वाट न पाहता पुढे चालू लागला.

घरी म्हातारा गादीवर बसला होता. पाय सुजलेले, नजर दाराकडे. वैद्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले. शेजारी बसून विचारले, "आप्पा, पहाटे कुठं निघता?"

"कुठं म्हणजे?" म्हातारा चिडला. "ऊन वर आलं की खळ वाळते. या लोकांना सांगून सांगून थकलो. दार लावून बसतात आळशी."

सून आतून म्हणाली, "हे असंच असतं मामंजींचं. उगाच काहीबाही बोलतात."

वैद्यांनी मग एक विलक्षण गोष्ट केली. ते म्हाताऱ्याजवळून उठले, व्यापाऱ्यासमोर जाऊन बसले आणि त्याचा हात हातात घेऊन बराच वेळ त्याची नाडी पाहत राहिले. जीभ पाहिली. जिना चढताना दम लागतो का, विचारले. मग म्हणाले, "उद्यापासून रोज पहाटे पांजणीला तू उभं राहायचं. औषध तुला आहे."

सून बाहेरच आली. "बुवा, आजारी मामंजी आहेत! ह्यांना काय झालंय? खाऊन पिऊन धडधाकट आहेत, पोट बघा की."

शिष्यालाही काही उमगेना. पांजणी म्हणजे विणण्याआधी ताण्याला खळ देण्याचे काम. उभे धागे अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधतात. ज्वारीच्या पिठाची पातळ खळ कुंच्याने त्यांवर फिरवत माणसे येरझाऱ्या घालतात. उन्हाने खळ लवकर वाळू नये म्हणून हे काम पहाटेच उरकतात. मालक झालेला माणूस पांजणीला उभा राहिला, तर गावात त्याचे हसे होते.

पण व्यापारी हसला नाही की चिडलाही नाही. तो खाली बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बुवा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच. वाटेत एक प्रश्न टाकलास आणि उत्तराला घाबरून पुढं पळालास."

तेव्हा व्यापाऱ्याने मनातले सांगितले. मागच्या महिन्यात गिऱ्हाइकासमोर एका काठाचे नाव त्याला आठवेना. जन्मभर विकलेला काठ. तेव्हापासून तो आप्पांकडे पाही आणि त्याला स्वतःच तिथे बसलेला दिसे. "खरं सांगू? ती कडी नुसती त्यांच्या काळजीनं घातली नव्हती. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं."

सूनबाई पदर सावरत तिथेच खाली बसली.

"ते नाव पुढं आठवलं का?" वैद्यांनी विचारले.

"आठवलं. त्याच दुपारी जेवताना."

"मग तो विसर बहुधा वयाचा आणि काळजीचा. तरी शंका राहिली तर शहरात जाऊन नीट तपासून घे, त्यात लाज नाही. आणि घराण्यात असलं म्हणून ते उतरतंच असं नाही. धोका थोडा वाढतो. पण धोका म्हणजे कपाळावरची रेघ नव्हे." मग त्यांनी विचारले, "आता मला सांग, ताण्याला खळ कशाला देता?"

"धागा तुटू नये म्हणून."

"मग खळ दिलेला धागा कधी तुटतच नाही?"

"तुटतो की. पण कमी तुटतो."

"आणि विणून झालेल्या लुगड्यावर कुंचा फिरवला तर तुटलेलं सांधलं जातं?"

व्यापाऱ्याला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आले. "बुवा, लुगडं पापडासारखं कडक होईल! खळ ताण्याला देतात, लुगड्याला नाही."

वैद्य शिष्याकडे वळले. "बाळ, तुझ्या वाचनात काही खोटं नाही. प्रश्न मात्र निरनिराळे विचारले गेले. पहिल्या काळात लोकांनी पाहिलं की चालत्याफिरत्या माणसांत हा आजार कमी दिसतो. त्यांना आनंद झाला. मग कुणी शहाण्यानं शंका काढली, की ज्यांचा आजार आतून सुरू झालेला असेल तेच आधी चालणं सोडत नसतील कशावरून? ती शंका रास्त होती. म्हणून पुढच्यांनी आजारी माणसांनाच व्यायाम देऊन पाहिलं. कुठं थोडा गुण आला, कुठं स्मृतीत काहीच फरक दिसला नाही. आता संशोधक विचारू लागलेत, किती आधी सुरू करावं, किती नियमानं, कुठल्या माणसाला, कुणाच्या सोबतीनं. शास्त्र असंच पुढं जातं. तू मधलंच एक पान धरून या माणसाला आशा दिलीस."

शिष्याने मान खाली घातली.

"आप्पांचं बरंचसं वस्त्र विणून झालंय," वैद्य व्यापाऱ्याला म्हणाले. "गेलेली नावं चालण्यानं परत येतील असं वचन मी देणार नाही. पण पाय मोकळे होतील, भूक लागेल, झोप येईल, जीवाची तगमग बहुधा कमी होईल. हेही थोडं नाही. तुझा ताणा मात्र अजून बराच उघडा आहे. म्हणून औषध तुला. आणि पांजणीला एकटा माणूस चालत नाही, हे मी तुला सांगायला नको."

ते खरेच होते. पांजणीला दोन माणसे लागतात. ताण्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर उभे राहून, एकमेकांच्या पावलाला पाऊल जुळवत त्यांना चालावे लागते.

"म्हणजे समोर आप्पा?" व्यापाऱ्याने विचारले.

"दुसरा कोण? ते तर रोज पहाटे तयारच असतात. तुम्हीच त्यांना आत कोंडता."

दुसऱ्या दिवशी पहाटे कडी निघाली. म्हातारा थेट मागच्या अंगणात गेला, जणू कालच तिथून आला होता. व्यापाऱ्याने कुंचा उचलला तेव्हा कामाला आलेली माणसे तोंडाला हात लावून हसू लागली. एक जण बोललाच, "शेठ, उलटा धरलाय. गिऱ्हाइकाला वारा घालताय का?"

"हसा लेको, हसा," व्यापारी म्हणाला, आणि स्वतःच मोठ्याने हसला.

म्हाताऱ्याने मात्र हसण्याकडे लक्ष दिले नाही. "सोपान, पाय उचल. खळ वाळतेय."

"हो, उचलतो," व्यापारी म्हणाला. मी सोपान नाही, असे सांगायला तो थांबला नाही.

दिवस गेले. थंडी आली. व्यापाऱ्याचे पोट थोडे उतरले आणि दम लागणे थांबले. म्हाताऱ्याच्या पायांची सूज गेली. अंघोळ करून तो पोटभर जेवी आणि दुपारी शांत झोपे. नावे परत आली नाहीत. सोपान सोपानच राहिला. तरी त्या घरातला ताण ओसरला होता. सून आता शेजारणीला सांगे, "मामंजी कामावर गेलेत," आणि ते सांगताना तिचा आवाज सरळ असे.

शिष्याच्या मनाला मात्र आपले बोलणे टोचत होते. एका पहाटे तो अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. व्यापारी कुंचा धुवायला थांबला तेव्हा तो म्हणाला, "शेठ, त्या दिवशी मी जास्त बोललो. तुम्हाला भलती आशा लावली. आप्पांनी अजून तुम्हाला ओळखलं नाही."

"नाही ओळखलं," व्यापारी म्हणाला. "पण आता मला त्याची भीती वाटत नाही. विसर पडलेला माणूस संपत नाही, हे रोज डोळ्यांसमोर दिसतं. उद्या माझ्यावर वेळ आलीच, तर माझ्यासमोर कोण उभं राहील एवढंच बघायचं. आणि आमचा थोरला परवा आपणहून विचारत होता, बाबा, मला शिकवता का?"

तेवढ्यात पलीकडून म्हाताऱ्याची हाक आली. व्यापारी धावत आपल्या जागी गेला. दोघे चालू लागले. म्हातारा आज मधेच थांबला आणि धाग्यांवरून समोरच्या माणसाकडे निरखून पाहू लागला.

"काय रे, तू कुणाचा?"

व्यापाऱ्याने कुंचा थांबवला नाही. "तुमचाच, आप्पा."

म्हाताऱ्याने त्याच्या पायांकडे पाहिले, मग हाताकडे.

"वाटलंच," तो समाधानाने म्हणाला. "चालण्याला आमचंच वळण आहे."

शिष्य परत निघाला तेव्हा उजाडले होते. कुणी विचारले तर या आजारावर काय सांगायचे, हे आता त्याला ठाऊक होते: जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर चालायला लागा, आणि ज्याला उशीर झाला आहे त्याच्या समोर उभे राहून चाला.