चाक न टेकणारा उतार

इटलीच्या डोंगराळ भागातल्या कास्तेलवेर्नो गावात सायकलवाले येतात ते पूर्वेकडच्या वळणावळणाच्या चढाने. खाली जायचा सरळ रस्ता पश्चिमेच्या वेशीतून निघतो. वेशीपासून ओढ्यापर्यंत तीनशे पावलांचा फरसबंदी उतार, दोन्ही अंगांना माणसाच्या डोक्यावरून जातील अशा दगडी भिंती, आणि ओढ्यापलीकडे बोर्गोलेन्ता गावाची लाल कौलं. सकाळपासून चढ चढून पाय भरून आलेल्या माणसाला असा उतार म्हणजे बक्षीसच. पण इथे कुणी सायकलवर बसून उतरत नाही. हातात धरून ढकलतही नेत नाही. सायकल खांद्यावर घ्यायची आणि पायी उतरायचं. हातगाडी असो, तान्ह्या बाळाची गाडी असो, नियम सगळ्यांना एकच. या फरशीला चाक टेकवायचं नाही.

आम्हां नाशिकच्या चौघांना हे ठाऊक नव्हतं. मी पेडलवर पाय ठेवला, तोच वेशीतल्या ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने काठी आडवी घातली. त्याचं नाव एर्मिन्यो. जन्मभर गवंडीकाम केलेला, ऐंशी ओलांडलेला. आमच्यातली मुक्ता सोनवणी बोलोन्यात शिकलेली, तिच्या तोंडून त्याचं बोलणं आमच्यापर्यंत आलं.

"आधी बसा," तो म्हणाला. "ऐकून घ्या. मग उतरा."

पाचशे वर्षांपूर्वीची गोष्ट, असं सांगतात. कास्तेलवेर्नोत नेरियो नावाचा सुतार होता. गाड्यांची चाकं घडवावीत तर त्यानेच, अशी त्याची ख्याती. त्याला बायको नव्हती, एकुलती एक मुलगी होती, ओर्सोला. ती खाली बोर्गोलेन्तात एका मेंढपाळाला दिलेली.

त्या वर्षी द्राक्षांच्या तोडणीत ग्रिफो नावाचा भाडोत्री सरदार आपली टोळी घेऊन खोऱ्यात उतरला. हिवाळ्याआधी त्याला धान्य हवं होतं आणि डोक्यावर छप्पर हवं होतं. बोर्गोलेन्ताला तट नव्हता. एका सकाळीत गाव संपलं. पुरुषांना विहिरीपाशी गुडघ्यांवर बसवून एकेकाचा गळा चिरला, म्हणे. ओर्सोलाचा नवरा सातवा होता. विहिरीचं पाणी पुढे तीन वर्षं कुणी प्यायलं नाही. उरलेल्या बायका, म्हातारी माणसं आणि पोरं त्यांनी मेंढरांच्या वाड्यात कोंडली.

वर कास्तेलवेर्नोने वेस बंद केली होती. तटाआड चारशे माणसं होती, आणि शस्त्र म्हणावं असं फारसं काही नव्हतं. तेव्हा नेरियोने आपलं कसब पणाला लावलं. पुरुषभर उंचीची ओकची दोन चाकं एका आसावर घट्ट बसवायची, त्यांच्यामध्ये दगडांनी भरलेली पेटी, चाकांच्या कडांवर ठोकलेली लोखंडी धाव आणि आसाच्या टोकांना गवत कापायची लांब पाती. अशी आठ जोडचाकं त्याने वेशीत रांगेने उभी केली. प्रत्येकाखाली एक पाचर. घणाचा एक घाव बसला की पाचर उडायची.

टोळी पहिल्यांदा चढून आली तेव्हा नेरियोने दोन जोडचाकं सोडली. भिंतींमधून पळायला जागा नव्हती. हाडं मोडल्याचा आवाज वर तटापर्यंत आला, असं सांगतात. पात्यांनी माणसं कमरेत तोडली. चाळीस जण तिथेच मेले, आणि रक्त फरशीच्या सांध्यांतून वाहत ओढ्याला मिळालं. तटावरून लोकांनी टोप्या उडवल्या. नेरियोला खांद्यावर घेतलं.

ग्रिफोने दुसऱ्या दिवशी उजाडताच वाडा उघडला. आतल्यांपैकी एकतीस माणसं त्याने एका दोराला बांधली आणि उतारावर आपल्या टोळीच्या पुढे घातली. मागे ढाली, त्यांच्यामागे शिड्या. पहिल्या रांगेत ओर्सोला होती.

वेशीत कारभारी लान्दो नेरियोच्या शेजारी उभा होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "नेरियो, वेस पडली तर चारशे मरतील." नेरियोने घण उचलला. टोळी अर्ध्या उतारावर आली, तेव्हा ओर्सोलाने मान वर करून वेशीकडे पाहिलं आणि ओरडली, "बाबा, थांबा!"

नेरियोने घाव घातला.

मग एकामागून एक पाचर उडवत तो गेला, आणि सहाच्या सहा जोडचाकं सुटली. पुढचं सांगताना एर्मिन्योने टोपी काढून मांडीवर ठेवली. बांधलेली माणसं पळूही शकली नाहीत. एक पडला की दोर दुसऱ्याला ओढत होता. चाकं त्यांच्यावरून गेली, ढालींवरून गेली, शिड्यांवरून गेली, आणि ओढ्यात जाऊन थांबली, तेव्हा उतारावर उभं असं कुणी नव्हतं.

नेरियो घण घेऊन खाली उतरला. ग्रिफोची मांडी एका आसाखाली चिरडली होती. तो पाणी मागत होता. नेरियोने त्याच घणाने त्याचं डोकं फोडलं. मग घण टाकून तो प्रेतं उलटीपालटी करू लागला. भिंतीलगत दोन म्हाताऱ्यांच्या अंगांखाली त्याला ओर्सोला सापडली. तिचे दोन्ही पाय गुडघ्यांखाली ठेचलेले होते. पण ती जिवंत होती. एकतिसांतली ती एकटीच.

तिने डोळे उघडले आणि विचारलं, "मी काय ओरडले, ते ऐकू आलं होतं?"

"आलं होतं."

"मग?"

"घण खाली येतच होता," नेरियो म्हणाला. आणि मग म्हणाला, "नाही. थांबवता आला असता. मी थांबवला नाही."

गावाने तिला वर न्यायला बैलगाडी आणली. ओर्सोलाने भिंतीचा दगड दोन्ही हातांनी धरून ठेवला. "मी चाकावर बसणार नाही. ज्याने पाचर उडवली, त्याने मला उचलावं." नेरियोने तिला पाठीवर घेतलं आणि प्रेतांमधून वाट काढत वर आणलं. त्याच दिवशी वेशीत उभं राहून त्याने शपथ घेतली, की या फरशीवर पुन्हा चाक फिरणार नाही. त्यानंतर त्याने एकही चाक घडवलं नाही. पाळणे आणि शवपेट्या करून तो जगला.

पण ओर्सोलाने एवढ्यावर त्याला सोडलं नाही. दर रविवारी तिला बोर्गोलेन्ताच्या कबरींपाशी जायचं असे. नेरियो तिला पाठीवर घेऊन उतरायचा, आणि ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन मेलेल्यांची तीस नावं म्हणायची. पिया. तिबुर्झियो. म्हातारा बाल्दो. जोकोंदा आणि तिच्या पोटाशी बांधलेली तिची सहा महिन्यांची पोर. मध्येच त्याचा पाय घसरला तर ती थांबायची, आणि पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात करायची. अकरा वर्षं. त्या काळात ती त्याच्याशी दुसरं काही बोलली की नाही, हे कुणाला ठाऊक नाही, असं एर्मिन्यो म्हणाला.

बाराव्या हिवाळ्यात बर्फ पडलेलं असताना ती दोघं निघाली. अर्ध्या उतारावर नेरियोच्या छातीत कळ आली. त्याने खाली बसून आधी तिला जपून भिंतीशी टेकवलं, तिचे पाय नीट केले, आणि मग तो आडवा झाला. तो परत उठला नाही. तिने अंगावरची शाल काढून त्याच्यावर घातली, म्हणे.

वरून कास्तेलवेर्नोची माणसं आली. खालून बोर्गोलेन्ताची आली. चाकं सुटली त्या दिवसानंतर खालच्या गावाचं माणूस या उतारावर पहिल्यांदा चढलं ते तेव्हाच. त्यांच्यातल्या, लहानपणी त्या वाड्यात कोंडलेल्या एका धनगराने ओर्सोलाला पाठीवर घेतलं. उतरताना तिने नेहमीसारखी नावं म्हटली. तिसावं झालं. मग ती म्हणाली, "नेरियो."

धनगर जागच्या जागी थांबला. "हे नाव त्यांतलं नाही."

"आजपासून आहे," ओर्सोला म्हणाली.

त्याने तिला खाली नेलं. पण बोर्गोलेन्ताने ते नाव मानलं नाही.

एर्मिन्योचं सांगून झालं. त्याने टोपी घातली आणि काठी बाजूला घेतली. आम्ही चौघांनी सायकली खांद्यावर घेतल्या. फरशी गुळगुळीत होती आणि उतार डोळ्यांना दिसला त्याहून फार तीव्र निघाला. एर्मिन्यो आमच्यापुढे भिंतीला हात लावत चालला होता आणि मोठ्याने एकेक नाव घेत होता.

आजही कास्तेलवेर्नोची माणसं इथून उतरताना एकतीस नावं म्हणतात, आणि बोर्गोलेन्ताची तीस. एर्मिन्योची बायको फौस्ता बोर्गोलेन्ताची. लग्न होऊन बावन्न वर्षं झाली, दर रविवारी दोघं बरोबर उतरतात. तिसाव्या नावानंतर ती तोंड मिटते. शेवटचं नाव तो एकटाच घेतो. तेवढा वेळ ती त्याच्या शेजारी थांबून राहते, पुढे जात नाही.