गौरव्वाच्या टाकीतला गाळ

“घाणच ना ती, अप्पाजी? ठेवून काय करायची होती?”

मठाचे स्वामी अप्पाजी शेगडीपाशी वाकून बघत होते.

करिबसवाने पुन्हा काडी ओढली. शेगडी नुसतीच फुसफुसली. काडी विझली.

मठात येईल त्याला दासोहात जेवण मिळे, आणि दासोहाचा स्वयंपाक गोबरगॅसवर होई. गॅस कधी पुरत नसे. इंजिनिअर झालेला करिबसव नोकरी सोडून अप्पाजींच्या पायाशी आला, तेव्हाच म्हणाला होता, “मठात आता लाकूड जळणार नाही.” शेणाऐवजी टाकीत घालायला त्याने माळावर हत्तीगवत लावलं. कोवळं असतानाच कापलं, बारीक कुट्टी केली. एवढ्या उत्तम अन्नाला भांडंही चोख हवं, म्हणून गोबरगॅसच्या टाकीतला जुना काळा गाळ तळापर्यंत उपसून उन्हात फेकला आणि टाकी घासून लख्ख केली.

आता तिच्यातून आंबट वास येत होता. अंगणात लाकडं फुटत होती.

“तुमचं गवत खाऊन टाकी डाराडूर झोपली हो, इंजिनिअरसाहेब!” स्वयंपाकीण शांतव्वा धुरात डोळे पुसत म्हणाली.

करिबसवाने झोळी सकाळीच बांधून ठेवली होती.

“मी निघतो, अप्पाजी. माझ्याच्याने नाही व्हायचं.”

“निघायचंच आहे. गाडी जुंप. रिकामी पिंपं घे.”

गाडी थांबली ती पलीकडच्या वस्तीवर, गौरव्वाच्या गोठ्यापाशी. दाराशी दोन म्हशी, मागे लहानशी टाकी. आत निळ्या ज्योतीवर चहा उकळत होता.

“गौरव्वा, टाकीतला थोडा गाळ देशील, विरजणाला?”

“अगं बाई! देणारी मी कोण? तुमचाच आहे. ही टाकी बांधली तेव्हा काही केल्या पेटेना. थोरल्या स्वामींनी मठातल्या टाकीतून घागरी भरभरून आणल्या. स्वतःच्या खांद्यावर.”

थोरले स्वामी म्हणजे अप्पाजींचे गुरू. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

पहिलं पिंप भरलं. अप्पाजी वाकले. बोट बुडवलं, आणि विभूती लावावी तसा तो काळा गाळ कपाळाला लावला.



करिबसवाने नजर वळवली. मग बादली उचलली.

मठात आल्यावर त्याने टाकीतलं आंबलेलं काढलं, गाळ ओतला. गवत आता तो बेताबेताने घालू लागला, आजाऱ्याला पेज भरवावी तसं.

आणि एका दुपारी शांतव्वाची हाक आली. सगळे धावले. ज्योत निळी होती. पूर्वीपेक्षा उंच. पंगत उठली तरी गॅस उरला होता.

“ही करामत तुझ्या गवताची,” अप्पाजी म्हणाले. “मी इतकी वर्षं नुसतं शेण कालवत बसलो.”

करिबसवाला हसू आलं, आणि डोळे भरून आले.

“अप्पाजी, हा गाळ आता जपायला हवा. उद्या माझ्यासारखाच कुणी शहाणा आला तर? एक वेगळी टाकी बांधतो. पक्की. वर झाकण, झाकणाला कुलूप.”

“कुलूप?”

“मग जपायचा कसा?”

अप्पाजी आत गेले. जुनी घागर घेऊन आले. ती त्यांनी करिबसवाच्या खांद्यावर ठेवली.

“खालच्या वाडीत कुणाची तरी टाकी पेटत नाही म्हणे.”