चिंचखोलची ओळ

“पण गावच यादीत नसलं, तर मी निवडू काय, बुवा?”

वैजनाथचं म्हणणं तसं चुकीचं नव्हतं. शहरातली नोकरी सोडून तो मठात शिष्य व्हायला आला, आणि आल्या आल्या उत्सवाची जुनी वही बाजूला सारून सगळी नोंद त्याने लॅपटॉपवर घेतली. गावाच्या रकान्यात बाण दाबला की खाली यादी उघडायची. एकेचाळीस गावं. चूक व्हायला वावच नाही, हे तो सकाळपासून तिसऱ्यांदा सांगत होता. बुवांनी एकदा तरी शाबास म्हणावं, एवढंच त्याच्या मनात.

समोर बाळकूतात्या उभे. टोपी हातात.

“चिंचखोल लिवा.”

“तात्या, ते धरणात गेलं ना? तुम्ही आता वसाहत क्रमांक तीन.”

“वसाहतीत ऱ्हातो. गाव चिंचखोल.”

मठाची रीत अशी, की पंगत बसली की यादीतलं एकेक गाव पुकारायचं. त्या गावच्या माणसाने उठून नैवेद्याच्या पानावर भाताची मूद ठेवायची.

“आमचं नाव आलं की साठ माणूस उठायचं,” तात्या म्हणाले. “जोत्याचे दगड सुदीक पाण्याखाली हायेत आता. नाव तेवढं एकदा कानावर पडू दे…”

वैजनाथने यादीच्या तळाशी नाव लिहिलं. बाण दाबला. एकेचाळीसच.

“बघा! लिहिलंय, पण दिसत नाही.”

आबाजीबुवा उठले. तात्यांना हाताला धरून पंगतीकडे निघाले. वैजनाथ लॅपटॉप काखेत मारून मागे.

शेवटचं पान लोहारांचं. त्याच्या पलीकडे बुवांनी तात्यांना बसवलं, पान मांडलं. वाढपी भात वाढत आला, लोहारांपाशी थांबला आणि वळला.

“अरे, तात्या राहिले!” वैजनाथ म्हणाला.

“मला शिंद्यांपासून लोहारांपर्यंत सांगितलंय,” वाढपी म्हणाला.

बुवा हसले. तात्यांना उठवून पंगतीच्या मध्ये आणलं.

“सरका रे जरा.”

माणसं सरकली. लोहार एक हात पुढे गेले. वाढपी पुन्हा शिंद्यांपासून निघाला, लोहारांपर्यंत गेला. तात्यांच्या पानावर भात पडला.

…

वैजनाथ तिथेच मांडी घालून बसला. तळाचं नाव पुसलं. यादीच्या मध्ये एक ओळ सरकवली, तिथे चिंचखोल लिहिलं. बाण दाबला.

बेचाळीस.

त्याने नाव पुकारलं. तात्या गुडघ्यावर हात टेकून उठले, मूद ठेवली. परत येऊन बसायला त्यांना फार वेळ लागला. पंगतीत कोणी घास उचलला नाही.

वैजनाथ बुवांच्या कानाशी वाकला.

“बुवा, तात्या एकटेच उरलेत. उद्या ते नसले… तर ही ओळ काढायची?”

बुवांनी वाढप्याला तात्यांच्या पानाकडे खूण केली.

“तू पुकारत जा. कोणी उठलं नाही, तर मूद ठेवायला मी आहे.”