साळिंदर आमदाराची सातवी निवडणूक

सागाच्या एका दाट जंगलात एक साळिंदर राहत असे. मुलांनो, साळिंदर म्हटले की तुम्हाला आधी काटे आठवतील, पण या साळिंदराचे नाव काट्यांमुळे झाले नव्हते. ते आमदार होते, आणि तेही लागोपाठ सहा वेळा निवडून आलेले! त्या जंगलात दर पाच वर्षांनी निवडणूक होई. वडाखालच्या मैदानात प्रत्येक उमेदवाराचा एक खड्डा असे. ज्याला मत द्यायचे त्याच्या खड्ड्यात प्रत्येक प्राणी एक चिंचोका टाकी आणि सूर्य मावळायच्या आत मोजणी होई. पहिल्या खेपेला साळिंदर अवघ्या अकरा चिंचोक्यांनी निवडून आले. मग त्याने उन्हाळ्यात ससे आणि उंदरांसाठी पाणवठ्यावर वेगळी वेळ राखून घेतली, वणवा दिसताच ओरडण्यासाठी टिटव्यांची नेमणूक करून घेतली. तिसऱ्या खेपेला तर त्याच्याविरुद्ध कोणी उभेच राहिले नाही. त्याचा प्रचार सांभाळणारा कावळा छाती काढून सांगे, "आमच्या साहेबांना आख्खे जंगल ओळखते."

सहाव्या विजयानंतर तिसऱ्या दिवशी साळिंदर गळ्यात झेंडूची माळ घालून घरी निघाले होते. वाटेत त्याला गोगलगायींची एक लांबच लांब रांग दिसली. सगळ्यांत पुढे एक म्हातारी गोगलगाय होती. तिने शिंगे वर करून विचारले, "बाबा, वडाखालचे मैदान अजून किती लांब आहे हो?"

"जवळच आहे आजी. पण तिकडे काय काम काढलेत?"

"मत द्यायला निघालो आहोत. आम्ही डोंगरापलीकडच्या घळीतल्या. दवंडी ऐकली त्याच दिवशी निघालो. दर खेपेला निघतो आणि दर खेपेला मैदानात तुडवलेले गवत तेवढे बघून परत जातो. यंदा तरी वेळेत पोचू म्हणतो. त्या साळिंदराला पाडायचेच आहे!"

साळिंदराचा चेहरा उतरला. "का हो आजी? काय केले त्याने?"

"काहीच केले नाही, हेच तर! गव्यांचा कळप रोज आमच्या घळीतून जातो. दर वर्षी दोन-चार जणी खुराखाली जातात. माझ्या तीन लेकी गेल्या. पाच वेळा निवडून आले म्हणतात, पण आम्ही त्याचे तोंडसुद्धा पाहिलेले नाही."

साळिंदराला क्षणभर वाटले, गप्प बसून पुढे जावे. कोणाला कळणार होते? पण लाज वाटली आणि बरे झाले की वाटली. ते म्हणाले, "आजी, निवडणूक परवाच झाली. आणि ते साळिंदर मीच."

म्हातारी जराही गडबडली नाही. "बरे झाले," ती म्हणाली, "तोंडावर सांगायला मिळाले."

घरी आल्यावर साळिंदराने कावळ्याला बोलावले. "घळीतच मतदानाची सोय करायची. तिथे एक मोठा काळा दगड आहे, असे त्या आजी सांगत होत्या. उमेदवारांची चिन्हे त्यावर काढायची. गोगलगायींना चिंचोका उचलत नाही, पण चालताना त्यांच्या मागे रेघ उमटते. जिची रेघ ज्या चिन्हाला जाऊन भिडेल, तिचे मत त्याला."

कावळा फांदीवरून पडायचाच राहिला. "साहेब, वेड लागलेय का तुम्हाला? त्या तुमच्यावर दात खाऊन आहेत! फार तर गव्यांशी बोलून त्यांची वाट वळवून द्या. मताचा दगड कशाला? स्वतःच्या हाताने स्वतःला पाडणार?"

"गवे माझे ऐकणार नाहीत," साळिंदर म्हणाले. "आणि समजा ऐकले, तरी मी किती दिवस पुरणार? ज्याला मत नाही त्याच्याकडे माझ्यानंतरचा आमदारही फिरकणार नाही. मी तरी पाच खेपा कुठे फिरकलो?"

झाले! जंगलाच्या सभेत साळिंदर उभे राहिले. "अध्यक्ष महाराज," ते वाघाला उद्देशून म्हणाले, "घळीतल्या गोगलगायींसाठी वेगळे मतदान केंद्र द्यावे." गव्यांचा म्होरक्या फुरफुरला, "चार गोगलगायींसाठी वेगळा दगड?" बगळा मान लांब करून म्हणाला, "मतमोजणीला मी जातो की!" त्यावर सभा इतकी हसली, की वाघालाही मिशीवर पंजा ठेवावा लागला. ठराव पडला. साळिंदराने पुढच्या वर्षी तोच ठराव पुन्हा मांडला. पुन्हा पडला. चार वर्षे सभा हसत राहिली आणि चार वर्षे साळिंदर उठून उभे राहत गेले. अधूनमधून वेळ काढून ते घळीत जाई, गोगलगायींची बोलणी ऐकून घेई आणि परत येई. पाचव्या वर्षी ठराव अवघ्या एका मताने मंजूर झाला. मतमोजणीचे काम कासवाकडे दिले, कारण ते गवत-पाला खाणारे कासव गोगलगायी खाणार नाही याची साऱ्यांना खात्री होती.

सातवी निवडणूक आली. यंदा साळिंदरासमोर मोर उभा होता. तरुण, देखणा आणि नाचरा! त्याने वडाखाली पिसारा फुलवला की सभेला पाय ठेवायला जागा उरत नसे. मैदानातली मोजणी झाली. मोराला तीनशे बारा, साळिंदराला दोनशे पंच्याण्णव. सतरा मतांची पिछाडी! घळीतला निकाल यायचा होता, पण तो साळिंदराला बुडवणार यात कोणाला शंका नव्हती. मोराने तिथल्या तिथे विजयाचा नाच सुरू केला. कावळ्याने पंखात तोंड खुपसले. "सांगितले होते मी," तो पुटपुटला. साळिंदराला मात्र दगड मागितल्याचा पस्तावा होत नव्हता.

घळीतून यायला कासवाला दोन दिवस लागले. मोर नाचून नाचून थकला होता. कासवाने सावकाश श्वास घेतला, मान बाहेर काढली आणि म्हणाले, "काळ्या दगडावर एकूण एक्केचाळीस रेघा. एक मोराच्या चिन्हाकडे. एका तरुण गोगलगायीला त्याचा पिसारा फार आवडला आहे, आणि तो तिचा हक्क आहे. बाकीच्या चाळीस," इथे कासव जरा थांबले, "साळिंदराकडे!"

तीनशे पस्तीस विरुद्ध तीनशे तेरा! बावीस मतांनी साळिंदर सातव्यांदा आमदार झाले. सशांनी उड्या मारल्या, टिटव्यांनी आख्खे रान ओरडून जागे केले आणि कावळा तर, "मी आधीच म्हटले होते!" असे ज्याला त्याला सांगत सुटला. साळिंदर मात्र माळ घालून घ्यायलाही थांबले नाही. ते थेट घळीत गेले.

म्हातारी गोगलगाय दगडावर उन्हाला बसली होती. साळिंदर म्हणाले, "आजी, तुम्ही तर मला पाडणार होता!"

"पाडणारच होते," म्हातारी म्हणाली. "पण पाडायला दगड मिळवून दिला तो तूच. असा दुसरा कुठे शोधू? मात्र हुरळून जाऊ नकोस. गव्यांची वाट अजून इथूनच जाते, आणि दगडही आता इथेच राहणार आहे."

सभेच्या पहिल्याच दिवशी साळिंदर "अध्यक्ष महाराज" म्हणून उभे राहिले. पण त्याने पुढचा शब्द काढायच्या आत गव्यांचा म्होरक्या घाईघाईने उठला. त्यालाही पुढच्या खेपेला उभे राहायचे होते, आणि एक्केचाळीस रेघा त्यानेही ऐकल्या होत्या. घसा खाकरून तो म्हणाला, "आमचा कळप उद्यापासून टेकडीवरून जाईल. घळीतल्या आमच्या भगिनींना त्रास नको."

या वेळी सभेत कोणीही हसले नाही.

तात्पर्य : आपल्याला पाडू शकणाऱ्याच्याही हाती जो मताचा अधिकार देतो, तोच खरा लोकांचा प्रतिनिधी, आणि ज्याच्या हाती मत असते, त्याचे दुःख मोठ्यांनाही ऐकावेच लागते.