लाल दोऱ्याची कानस

सन २०१९. मार्गशीर्षातली कोरडी थंडी. मिरजेत, तंबोरे बनवणाऱ्या दस्तगीरचाचांच्या कारखान्यात, कौशल माळी दारातूनच विचारत होता,

"आवाज मला सापडला, तर तो माझाच ना, चाचा?"

चाचा तंबोऱ्याची घोडी, तारांखालची हाडाची पट्टी, घासत होते. मान वर केली नाही.

"आधी बूट काढ."

काढले.

कौशल इथे दोन वर्षं जवारी शिकला. तार हाडाच्या घोडीला हलकी लागून जो झंकार उठतो, ती जवारी. मग न सांगता पुण्याला गेला. त्याला सात वर्षं झाली. तिथे चौघांनी मिळून रॉक बँड काढला. गिटारला कौशलने तंबोऱ्यासारखी घोडी बसवली. त्यांचं पहिलं गाणं दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओसकट बाहेर पडणार होतं.

एका मुलाखतीत तो बोलून गेला होता, की हा आवाज माझा शोध. तेव्हापासून त्याचं त्यालाच पचेना. चाचांनी हो म्हटल्याशिवाय गाणं सोडायचं नाही, असं त्याने बँडला सांगितलं. तिघं चिडले. वर्षाची मेहनत होती. ड्रम वाजवणारी मुलगी म्हणाली, म्हाताऱ्याने नाही म्हटलं तर तिथेच तंबोरे घासत बस.

हेही त्याने चाचांना सांगितलं. चाचा हसले नाहीत.

"दाखव."

त्याने मोबाइल पुढे धरला.

"आवाज बंद कर."

"चाचा, गाणं आहे ते..."

"बंद कर."

चाचा मुकं गाणं पाहत राहिले. गच्चीवर चौघं उड्या मारत होती. मग कौशलचे हात अगदी जवळून दिसले. हात घोडी घासत होते. कानशीच्या मुठीला लाल दोरा गुंडाळलेला होता.

चाचांनी तिथे बोट ठेवलं. चित्र थांबलं.

...

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. हत्यारांच्या रांगेत एक खिळा रिकामा होता. ती कानस त्यांच्या उस्तादांची. सात वर्षांपूर्वी तिच्यासाठी आम्ही कारखान्यातल्या कारागिरांनी तीन दिवस भुसा चाळला होता. त्या खिळ्याला चाचांनी पुढे काही टांगू दिलं नाही.

कौशलची मान खाली गेली. ते दृश्य त्यानेच हट्टाने घातलं होतं. हात खरे दिसावेत म्हणून.

"गाणं मागे घेतो," तो म्हणाला. "नाहीतर तुमचं नाव घालतो. सगळ्यात आधी, मोठ्या अक्षरांत."

"माझ्या आधी माझ्या उस्तादांचं घाल. त्यांच्या आधी त्यांच्या उस्तादांचं. नावं सरेपर्यंत लोक उठून जातील."

"मग मी काय करू?"

चाचा पुन्हा घोडी घासू लागले.

...

कौशलने पाठीवरची पिशवी उतरवली. फडक्यात गुंडाळलेली कानस काढली. कपाळाला लावली. लाल दोऱ्याच्या फासाने खिळ्यावर अडकवली. ती जरा डोलली. थांबली.

चाचांनी घोडी बाजूला ठेवली. कानांवरचा मफलर सोडला.

"आता आवाज मोठा कर."