मंजिरी आणि शेंडा

आमच्या गावच्या नानाजी वैराळ्यांची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर जायची. त्या उंचीचा त्यांना भारी गर्व; बोंडं मात्र मोजकीच लागायची. आणि नानाजी करतील तेच अख्खं गाव करायचं!

कापूस संशोधन केंद्रातली चारुलता त्यांच्या घरी आली. म्हणाली, "नानाजी, पऱ्हाटीचे शेंडे खुडा. झाड वर पळायचं थांबेल, फांद्यांना बोंडं धरतील."

नानाजी कडाडले, "वाढत्या लेकराची मुंडी मुरगाळू काय? तुझं संशोधन ठेव तुझ्यापाशी. माझ्या घरातला एक तरी दाखला दे, मग मीच पहिला शेंडा खुडतो!"

चारुलतेनं अंगणात पाहिलं. वृंदावनात तुळस डेरेदार वाढली होती.

"ही एवढी कशी फोफावली हो?"

"रोज मंजिऱ्या खुडतो ना. देवाघरी जाताना तुझ्या काकूनं बजावलं होतं, मंजिऱ्या खुडल्या की तुळस दाट फुटते." बोलता बोलता नानाजींचा आवाज ओला झाला.

"मग माझं राहू द्या, नानाजी," ती हळूच म्हणाली. "वावरातही काकूंचंच ऐका."

पायात वहाणा सरकवून नानाजींनी वावराची वाट धरली. पहिला शेंडा त्यांनी मंजिरीसारखाच, दोन बोटांनी, अलगद खुडला.