साहेबांच्या मते सर्व्हरचं घड्याळ

आमचे संचालक रणभिसे साहेब वक्तशीरपणावर सुरेख भाषण देत. फक्त ते द्यायला दहाच्या ऑफिसात अकराला येत. मग बोट टेकवून हजेरी सुरू झाली आणि सर्व्हर त्यांची खरी वेळ नोंदवू लागला. एवढा उद्धटपणा कोण सहन करणार? साहेबांनी सर्व्हर सांभाळणाऱ्या शाल्मलीला बोलावलं.

"सर्व्हरचं घड्याळ चुकतंय. तासभर मागे करा, नाहीतर बदली!"

"करते, सर. पण मग आपण सहाला निघालात, तरी नोंद पाचची होईल."

"मग संध्याकाळी पुन्हा पुढे करा!"

"तेही करते. फक्त प्रत्येक बदलाचं कारण सर्व्हरवर नोंदवावं लागतं. काय लिहू?"

दुसऱ्या दिवशी साहेब दहाच्या ठोक्याला हजर! "बघा," त्यांनी जाहीर केलं, "आज घड्याळ बरोबर चालतंय."